एक थेंब डोळ्यात, नऊ कचऱ्यात

गेल्या वर्षी रोश हशानाच्या शुभेच्छा द्यायला संपादकांचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता ते म्हणाले, "बाई, तुम्ही उभी हयात डोळ्यांच्या विभागात काढलीत. आपल्या वाचकांसाठी काहीतरी लिहा." मी म्हटले, "अहो, मी नर्स. मला रिपोर्ट लिहायची सवय, लेख लिहायची नाही." विषय तेवढ्यावरच राहिला. पण त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या घरी एक गोष्ट घडली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या समाजातली साठी-सत्तरी ओलांडलेली पुष्कळ मंडळी आता इंग्लंडात, इस्राएलात, कुठे कुठे विखुरलेली आहेत, आणि रोज रात्री डोळ्यांत औषधाचे थेंब घालीत आहेत. माझ्या हातून जे झाले ते त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे. विषय दिसायला क्षुल्लक आहे. डोळ्यांचे औषध कशात भरून येते, बाटलीत की छोट्या नळीत, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, एवढाच.

सुरुवात आजीपासून करते. माझे आजोळ अलिबागजवळचे. आपल्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या पणजोबांचा घाणा होता. आजीच्या काळात तो बंद पडला होता, पण तेल्याघरची सवय तिच्या हाडात मुरलेली होती. खोबरेलाचा डबा संपला की ती तो पातेल्यावर उपडा घालून रात्रभर ठेवी, आणि सकाळी तळाला जमलेल्या चार थेंबांवर फोडणी देई. "तेल सांडले की घरधन्याचा घाम सांडला," असे तिचे म्हणणे. या आजीचा उजवा डोळा खुपऱ्यांनी गेलेला होता. पापण्या आत वळल्या होत्या आणि बुबुळावर पांढरा पडदा आला होता. तरी रोज संध्याकाळी ती आम्हा सगळ्या नातवंडांना ओळीने बसवून एकाच डबीतले काजळ एकाच बोटाने घालीत असे. एकाचे डोळे आले की चार दिवसांत घरातल्या सगळ्यांचे डोळे चिकटलेले! एकही थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, हे आजीला पक्के माहीत होते. एकाच्या डोळ्यातले दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ द्यायचे नाही, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

मुंबईत एका सरकारी इस्पितळात मी नर्सिंग शिकले. तिथल्या डोळ्यांच्या ओ.पी.डी.त ट्रेमध्ये काळसर काचेची एक बाटली असे आणि रबरी टोपीचा एक ड्रॉपर. बाकावर ओळीने बसलेल्या तीस-चाळीस माणसांना "वर बघा, वर बघा" म्हणत आम्ही एकाच ड्रॉपरने बाहुली मोठी करायचे औषध घालीत जात असू. ड्रॉपर पापणीला लागता कामा नये, हे सिस्टरनी आमच्या बोटांना शिकवले होते. लागलाच तर तो बाजूला काढून उकळायला टाकायचा. काटकसर ही तिथे गरज होती. तिचे कोणाला कौतुकही नव्हते.

१९७२ साली मी या देशात आले. लंडनच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या जिल्हा इस्पितळात डोळ्यांच्या विभागात नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी आयरिश सिस्टरनी माझ्यासमोर एका म्हातारबाबांच्या डोळ्यांत औषध घातले. कागदी पाकीट फाडले, आतून करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची नळी काढली, तिचे टोक पिरगाळून तोडले, दोन डोळ्यांत दोन थेंब टाकले आणि नळी सरळ कचऱ्याच्या डब्यात! मी ती पटकन उचलली. "सिस्टर, यात अजून पुष्कळ औषध आहे." त्या हसून म्हणाल्या, "ते आता औषध नाही, डियर. कचरा आहे." मला त्या दिवशी जेवण गेले नाही. आजीने पाहिले असते तर तिने त्या डब्यात हात घातला असता.

या नळ्यांना इथल्या क्लिनिकात सर्रास 'मिनिम्स' म्हणतात. ते खरे तर एका मालाचे नाव, पण डालडासारखे सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. एका नळीत साधारण अर्धा मिलिलिटर औषध असते, म्हणजे हिशेबाने दहाएक थेंब. त्यांतला एक किंवा दोन वापरायचे आणि बाकीचे फेकायचे. आत जंतुनाशक मिसळलेले नसते, म्हणून उघडलेली नळी पुन्हा वापरायची नाही. बाटलीचे तसे नाही. बहुतेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचे द्रव्य घातलेले असते. ते जंतू वाढू देत नाही, म्हणून तीच बाटली घरी चार आठवडे चालते.

एवढी उधळपट्टी का, याचे उत्तर मला पुढे वाचनातून मिळाले. बुबुळावरची जखम पाहण्यासाठी फ्लुरेसिन नावाचा पिवळा रंग डोळ्यात घालतात. १९४० आणि १९५० च्या दशकांत तो बाटलीतून घालीत. सूडोमोनास नावाच्या जंतूला नेमके हेच पाणी मानवते, आणि जखम असलेल्या बुबुळात तो शिरला तर दोन-तीन दिवसांत डोळा जातो. तपासणीसाठी म्हणून घातलेल्या थेंबानेच माणसे आंधळी होऊ लागली! त्यावर १९५१ साली किमुरा नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी रंग वाळवलेल्या कागदी पट्ट्यांचा उपाय सुचवला, आणि पुढे एकाच वेळेच्या नळ्याही आल्या. सिस्टर नळी फेकत होत्या त्यामागे इतका इतिहास होता. मला त्या वेळी फक्त कचरा दिसला.

अकरा-बारा वर्षे गेली. मी त्याच विभागाची सिस्टर झाले. १९८३ साली रॉय ग्रिफिथ्स यांचा अहवाल आला आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिसमध्ये जनरल मॅनेजर नावाची नवी जात अवतरली. आमच्याकडेही एक मॅनेजरसाहेब आले. माणूस सज्जन, पण हातात सदा पेन्सिल. एक दिवस त्यांनी मला बोलावून विचारले, "सिस्टर, या छोट्या नळ्यांवर आपण इतके पैसे घालवतो. बाटल्या का नको?" खरे सांगते, मनातून मला आनंदच झाला. दहा वर्षे गिळलेला आवंढा कोणीतरी बाहेर काढत होते. मी म्हटले, "मला दोन आठवडे द्या, हिशेब करून आणते."

तो हिशेब वाटतो तितका सोपा नाही. खरे भाव दरवर्षी बदलतात, म्हणून इथे समजण्यापुरते सोपे आकडे घेते. समजा, एक नळी ३० पेन्सची आणि एक बाटली ३ पौंडांची. बाटलीत शंभराच्या आसपास थेंब, म्हणजे थेंबाचा भाव पाहिला तर बाटली फारच स्वस्त. पण क्लिनिकातली उघडलेली बाटली घरच्यासारखी चार आठवडे ठेवता येत नाही. आमच्याकडे ती संध्याकाळी फेकण्याचा नियम होता, मग तिच्यात दोन थेंब उरलेले असोत की नव्वद. शिवाय आमच्या तीन खोल्या, आणि प्रत्येक खोलीत वेगळी बाटली. म्हणजे दिवसाला बाटल्यांचे ९ पौंड ठरलेलेच. मंगळवारच्या मोठ्या क्लिनिकला ६० पेशंट आले तर नळ्यांचे १८ पौंड होतील. तिथे बाटली निम्म्यात भागवते. पण शुक्रवारी १२ च पेशंट असले तर नळ्यांचे होतात ३ पौंड ६० पेन्स, आणि बाटल्यांचे तेच ९. म्हणजे बाटली स्वस्त की नळी स्वस्त, हे बाटलीवर किंवा नळीवर ठरत नाही. बाकावर किती माणसे बसली आहेत यावर ठरते.

त्यात आणखी बारकावे. बधिर करायचे एक औषध नळीत येते ते फ्रिजमध्ये ठेवावे लागते, म्हणजे फ्रिजची जागा. नळ्यांची खोकी मोठी, म्हणजे कपाटाची जागा. पाकिटे फाडण्यात नर्सचा वेळ. उरलेले औषध साध्या केरात टाकायचे नाही, ते जाळायला पाठवायचे, आणि त्याचे पैसे वजनावर. हे सगळे मी एका वहीत मांडले आणि सुचवले की मंगळवार-गुरुवारच्या मोठ्या क्लिनिकला बाहुली मोठी करायचे औषध बाटलीतून घालावे, बाकी सर्व दिवशी नळ्या, आणि जखमेच्या, ऑपरेशनच्या किंवा लाल डोळ्याच्या पेशंटला कधीही बाटली लावू नये. मॅनेजरसाहेबांनी वही वाचून माझी पाठ थोपटली. कागदावर माझी सही झाली. त्या शब्बाथला मी घरी सांगितले की आजीची नात शेवटी तेलीणच निघाली. आमचे हे खूप हसले.

दीड वर्ष सुरळीत गेले. मग एका वसंत ऋतूत, मंगळवारच्या क्लिनिकला येऊन गेलेले चार पेशंट आठ-दहा दिवसांच्या अंतराने लाल, सुजलेले डोळे घेऊन परत आले. अडेनोव्हायरस. आपण ज्याला डोळे येणे म्हणतो त्याचाच एक दांडगा प्रकार. हा डोळ्यांच्या दवाखान्यांचा जुना वैरी आहे. हाताला, उपकरणाला, खुर्चीच्या दांड्यालाही तो चिकटून राहतो. चौघांपैकी तिघे तीन आठवड्यांत बरे झाले. चौथा एक बस ड्रायव्हर होता. त्याच्या बुबुळांवर डाग राहिले, समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती त्याला कडी दिसू लागली आणि कित्येक महिने त्याला बस चालवता आली नाही.

चौकशी झाली. बाटलीचे टोक कोणाच्या पापणीला लागले होते का? डोळ्याचा दाब मोजायच्या उपकरणातून गेले का? कोणी हात न धुता पुढच्या पेशंटकडे वळले का? काहीच सिद्ध झाले नाही. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, नळ्या वापरल्या असत्या तरी हे होऊ शकले असते." ते खरेच होते. मलाही कोणी दोष दिला नाही. पण त्या कागदावर सही माझी होती. त्या ड्रायव्हरची बायको एकदा कॉरिडॉरमध्ये भेटली, तिला यातले काही ठाऊक नव्हते, तिने माझे दोन्ही हात धरून आभार मानले. मला तिच्याकडे नीट पाहवले नाही. दुसऱ्या सोमवारपासून मी सगळ्या क्लिनिकला नळ्या सुरू केल्या. मॅनेजरसाहेबांनी विचारले तेव्हा वही उघडून दाखवली. त्या चौघांच्या जादा खेपा, औषधे, डॉक्टरांचा वेळ, सुटीवर गेलेल्या एका नर्सचा पगार, एवढ्यात आमची वर्षाची बचत धुऊन निघाली होती. ड्रायव्हरच्या बुडालेल्या पगाराला माझ्या वहीत रकाना नव्हता.

मग गोष्ट इथेच संपली, नळीच खरी, असे म्हणावे तर तसेही नाही. १९७६ साली मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. त्याच बोटांनी ते मोतीबिंदू काढीत. आज ती डोळ्यांच्या इस्पितळांची फार मोठी साखळी आहे, आणि १९९२ पासून त्यांच्या ऑरोलॅबमध्ये डोळ्यांत बसवायची भिंगे तयार होतात. तिथे थेंबांची एकच बाटली अनेक पेशंटांना वापरतात, आणि तरी ऑपरेशननंतर जंतू शिरण्याचे त्यांचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त नाही. २०१७ साली संशोधकांनी त्यांच्या एका मोतीबिंदूच्या ऑपरेशनमागे हवेत जाणारा कार्बन मोजला, तो सुमारे ६ किलो भरला. त्याआधी २०१३ साली कार्डिफमधल्या अशाच ऑपरेशनचा आकडा १८० किलोच्या घरात आला होता. मोजण्याच्या पद्धतीत थोडा फरक धरला तरी अंतर केवढे! मी हे वाचले तेव्हा मुंबईतल्या सिस्टरची आठवण झाली. पण तिथे दिवसभर तेच काम, त्याच हातांनी, त्याच शिस्तीने चालते. आमच्याकडे कधी शिकाऊ नर्स, कधी एजन्सीची, कधी क्लिनिक दीड तास उशिरा. तिथली बाटली इथे आणली म्हणून तिथली शिस्त बाटलीबरोबर येत नाही.

२०२० साली इंग्लंडच्या हेल्थ सर्व्हिसने जाहीर केले की स्वतःच्या कारभारातला कार्बन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचा, आणि मालपुरवठ्यातला २०४५ पर्यंत. डोळ्यांचा विभाग हा बाह्यरुग्णांच्या गर्दीत पहिल्या नंबरचा. तेव्हा त्या छोट्या नळ्यांकडे पुन्हा लोकांचे लक्ष गेले आहे. माझ्या वहीतला हिशेब आता दुसरे कोणी नव्याने मांडीत असतील. त्यांनी बस ड्रायव्हरसाठीही एक रकाना आखावा, एवढेच मी म्हणेन.

आता घरची गोष्ट.

२००९ साली मी निवृत्त झाले. २०१० साली चष्म्याचा नंबर काढायला गेले, तेव्हा ऑप्टिशियनने दाब वाढलेला सांगितला. काचबिंदू. जिने हजारो लोकांना काचबिंदूचे थेंब कसे घालावे ते शिकवले तिलाच तो झाला. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. पहिली सात वर्षे थेंब आमचे हे घालीत. रात्री दहाच्या बातम्या संपल्या की खुर्चीमागे उभे राहून, "वर बघ," असे मराठीत म्हणत. त्यांचा हात नर्सच्या हातापेक्षा स्थिर होता. २०१७ साली ते गेले. तेव्हापासून माझे मीच घालते.

बाटलीतल्या जंतुनाशकाने माझे डोळे लाल होऊ लागले, वाळू गेल्यासारखे खुपू लागले. पुष्कळांना वर्षानुवर्षे थेंब घातल्यावर असे होते. मग डॉक्टरांनी जंतुनाशक नसलेले औषध दिले, आणि ते आले छोट्या नळ्यांत! महिन्याला तीस. आयुष्यभर मी ज्या फेकल्या त्याच आता माझ्या डोळ्यांसाठी आल्या. पण माझी बोटे आता सत्तरी ओलांडलेली, सांधे सुजलेले. ती इवलीशी नळी चिमटीत धरून पिरगाळायची, डोक्यावर नेमकी धरायची आणि दाबायची. पहिला थेंब कपाळावर, दुसरा गालावर. आठवड्यातून दोन-तीनदा दुसरी नळी फोडावी लागे. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी खोके रिकामे.

नवे औषध लवकर मागता आले असते. इंग्लंडात साठीनंतर प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. पण तेच तर मला बोचत होते. फुकट मिळते आहे, आणि त्यातही जास्त मागायचे? केमिस्टच्या दुकानात रांगेत उभे राहून, "माझे आठ दिवस आधीच संपले," असे म्हणायचे? मी, जी स्वतः सिस्टर होते? आपल्यातल्या ज्यांनी परक्या मुलखात येऊन, कोणाला आपले ओझे होऊ नये म्हणून मान खाली घालून संसार केला, त्यांना माझे म्हणणे कळेल. तेव्हा मी काय केले? एका नळीत आठ-नऊ थेंब उरतातच. तोडलेले टोक परत कसेबसे बसवून ती नळी मी स्टीलच्या वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवू लागले, दुसऱ्या रात्रीसाठी. आणि तेही संपले की महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस थेंबच घातले नाहीत. काचबिंदूचे दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे चुकल्याचे कळतही नाही. असे दीड-दोन वर्षे चालले.

गेल्या हिवाळ्यात माझी नात युनिव्हर्सिटीतून सुटीला आली. दूध काढायला फ्रिज उघडला आणि वाटी बाहेर काढली. "आजी, हे काय?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. रात्री थेंब घालताना मात्र माझ्यासमोर बसून पाहत राहिली आणि म्हणाली, "आजी, काचबिंदू तुझ्या डोळ्याला झालाय की गालाला?" आम्ही दोघी हसलो. मग तिने विचारले, "तुझ्या वॉर्डमधल्या एखाद्या पेशंटने असे केले असते तर तू काय म्हणाली असतीस?" मला उत्तर सुचले नाही. त्या आयरिश सिस्टरांचा आवाज कानात आला, इतकेच. उघड्या नळीतून जंतू गेले नाहीत, हे माझे नशीब.

फेब्रुवारीत ती मला घेऊनच क्लिनिकला आली. पडद्यावरचे ठिपके दिसले की बटण दाबायची तपासणी झाली. डाव्या डोळ्याचा वरचा, नाकाकडचा एक तुकडा गेलेला आहे. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवून शांतपणे सांगितले की गेलेले परत येत नाही, राहिलेले राखायचे. मी कबूल केले, सगळे, वाटीसकट. तिथल्या तरुण नर्सने मला रागावणे अपेक्षित होते. तिने माझा हात हातात घेऊन बोटे दाबून पाहिली आणि म्हणाली, "या हातांना ही नळी द्यायलाच नको होती. आम्ही विचारायला हवे होते." आता मला वेगळी बाटली मिळते. तिच्या तोंडाशी झडप आहे, थेंब बाहेर येतो पण हवा गाळल्याशिवाय आत जात नाही, म्हणून जंतुनाशक लागत नाही. ती दाबायला एक प्लॅस्टिकचा चिमटा दिला आहे. सगळ्या हाताची मूठ वळली की थेंब पडतो. ही बाटली साध्या बाटलीपेक्षा महाग आहे, पण एकही थेंब गालावर जात नाही.

तोरात, अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, वेढा घातलेल्या शहराची फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. आपल्या राब्बींनी त्यावरून कोणत्याच वस्तूची नासाडी करू नये असा नियम काढला, त्याला 'बाल तश्खीत' म्हणतात. नातीने मला त्याची दुसरी बाजू दाखवली. तालमूदच्या शब्बाथ ग्रंथात एक कथा आहे. रक्त काढल्यावर अंगात ऊब यावी म्हणून राब्बा नावाच्या विद्वानासाठी चांगले स्टूल मोडून जाळले. अबयेने त्याला विचारले की ही नासाडी नाही का? त्यावर राब्बाने उत्तर दिले की आपल्या देहाची नासाडी टाळणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. आजी तेलाचा थेंब वाचवीत होती आणि तिचा डोळा गेला होता. मी औषधाचा थेंब वाचवला आणि माझ्या डोळ्याचा तुकडा गेला. आजीला निदान माहीत नव्हते.

वाचकांना दोन-चार गोष्टी सांगून थांबते. डोळ्याच्या खळग्यात फार तर तीस मायक्रोलिटर मावते आणि बाटलीचा थेंब बहुधा त्याहून मोठाच असतो, म्हणून एका वेळी एकच थेंब पुरे. दुसरा गालावरूनच ओघळणार. थेंब मुद्दाम मोठे ठेवून आमचे पैसे वाया घालवता, असा अमेरिकेतल्या पेशंटांनी औषध कंपन्यांवर दावाही केला होता. २०१७ साली तिथल्या एका अपील कोर्टाने तो फेटाळला. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि चार आठवड्यांनी, उरली असली तरी, टाका. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, नवरा-बायकोनेसुद्धा. एकाच वेळेच्या नळीतले उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, स्टीलच्या वाटीत तर मुळीच नाही. औषध आधीच संपले तर मागा, आणि का संपले तेही सांगा. बोटे चालत नसतील तर चिमटा मागा, वेगळी बाटली मागा. आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी, मुलांनी चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. इंग्लंडात अशा जवळच्या नातलगांची तपासणी फुकट होते. माझ्या मुलाने अखेर या एप्रिलमध्ये करून घेतली. त्याचा दाब ठीक आहे.

नात परत जाताना माझ्या नव्या बाटलीवर जाड शाईने तारीख लिहून गेली, आणि ती स्टीलची वाटी बरोबर घेऊन गेली. म्हणाली, तिच्या खोलीत चिवडा खायला उपयोगी पडेल. रोज रात्री दहाला तिचा फोन येतो. "आजी, वर बघ," ती म्हणते, तिला येणाऱ्या थोड्याशा मराठीत. मी वर बघते.

सर्वांना शालोम.